वडिलांची स्मरणिका करतोय : फौज, बांधकाम, घर... काय ठेवावं, काय गाळावं?

धाकटा_पाटणकर

मंडळी, आमचे अण्णा गेल्या महिन्यात गेले. ९४ वर्षांचे होते. आजार म्हणावा असा काही नव्हता, वयच झालं होतं. वर्षश्राद्धाच्या आत एक छोटी स्मरणिका काढावी, नातेवाइकांत आणि त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांत वाटावी असं भावंडांचं ठरलंय. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तू तसाही दिवसभर त्या धाग्यांवर काहीतरी लिहीतच असतोस."

थोडक्यात अण्णा : जन्म १९३१, पाटण तालुका. १९५० ला खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये (फौजेचं अभियंता दल) भरती. १९६५ आणि १९७१ दोन्ही लढायांत होते. १९७५ ला सुभेदार म्हणून निवृत्त. मग पुण्यात बांधकामाचे ठेके घेतले. सहकारनगर, कर्वेनगर, कोथरूड इथले बंगले आणि तीनमजली इमारती. सत्तरी उलटल्यावर थांबले, म्हणजे आम्ही थांबवलं. एक मुलगी, दोन मुलगे, नातवंडं, एक पणती.

पहिला मसुदा मी असा सुरू केला होता : "शूर सैनिक, सचोटीचे बांधकाम व्यावसायिक आणि कुटुंबवत्सल गृहस्थ." आईला वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोणाबद्दल आहे?"

तर प्रश्न दोन. फौजेतल्या वर्षांची माहिती कुठून काढायची? अण्णा त्याबद्दल बोलायचेच नाहीत. आणि दुसरा : त्यांचा राग, तऱ्हेवाईकपणा लिहायचा की गाळायचा?

वामकुक्षी

आईंचा प्रश्न मुखपृष्ठावर छापा. प्रती पुरणार नाहीत.

शुभदा_एरंडवणे

अण्णांना आदरांजली.

आम्ही सासऱ्यांची स्मरणिका केली होती. सगळ्यांना 'चार शब्द लिहून द्या' म्हणून सांगितलं आणि तिथेच फसलं. आधारवड, दीपस्तंभ, वटवृक्षाची छाया. एकाच माणसानं वेगवेगळ्या नावांनी लिहिलंय असं वाटत होतं. फक्त त्यांच्या जुन्या शिपायानं सांगितलेला मजकूर जिवंत निघाला, कारण त्याला लिहिता येत नव्हतं, तो नुसता बोलला आणि पुतण्यानं उतरवून घेतलं.

म्हणून सुचवते : लेख मागू नका. प्रत्येकाला एकच विचारा, 'अण्णा तुमच्यावर कधी चिडले होते?' राग गाळू नका, बाकीचं सगळं त्यातूनच बाहेर येईल.

दोन_बटाटेवडे

+१. आमच्या आजोबांना हा प्रश्न लावला तर खंड निघतील.

खडकीवाला

मी स्वतः सॅपर. अण्णांच्या बराच नंतरचा, पण सेंटर एकच. जय हिंद, सुभेदार साहेब.

माहिती अशी मिळते. घरात एखादी काळी ट्रंक असेलच. ती आधी उघडा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) शोधा. पदकं असतील तर ती भिंगाखाली धरा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि युनिट ठोकलेलं असतं. घरची माणसं पदकाचा दर्शनी भाग पुसून लख्ख करतात आणि खरी माहिती कडेवर राहून जाते. ६५ ला रक्षा पदक आणि समर सेवा स्टार, ७१ ला संग्राम पदक, शिवाय पश्चिम आघाडीवर असतील तर पश्चिमी स्टार, पूर्वेला असतील तर पूर्वी स्टार. कोणती आहेत त्यावरून निम्मी नोकरी कळेल. मग नंबर घेऊन खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला रीतसर अर्ज करा. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा कागद सोबत जोडा.

दुसरं. सॅपर म्हणजे नुसता बंदूकवाला सैनिक नव्हे हे स्मरणिकेत जरूर येऊ द्या. आमच्याच ग्रुपचे राम राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळालं ते १९४८ च्या एप्रिलमध्ये नौशेरा-राजौरी रस्ता मोकळा केला म्हणून. सुरुंग काढायचे, अडथळे हटवायचे, वळणरस्ता काढायचा, आणि हे सगळं गोळीबारात. रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोऱ्या ओढून चालकाला खुणा करत त्यांनी तो सुरुंगांतून पार नेला होता. शेवटी इथेच पुण्यात गेले, १९९४ ला.

अण्णांच्या पिढीनं बेली पूल (सुटे पोलादी भाग जोडून उभारायचा पूल) तर हातानं उचललेत. एक पॅनल दहा फुटी, २६० किलोच्या आसपास, आणि सहा जणांनी उचलायचं. एकाचा पाय चुकला की बाकी पाच जणांची कंबर गेली. त्यामुळे सुभेदार सॅपर जोरात ओरडतो. त्याला राग म्हणू नका, ती हुद्द्याबरोबर आलेली सवय आहे.

धाकटा_पाटणकर

@खडकीवाला, साहेब, ट्रंक उघडली. पदकं मोज्यात गुंडाळून ठेवली होती, खाकी मोज्यात. फितींचे रंग पार विटलेत, पण कडेवरचा नंबर आणि नाव भिंगानं स्वच्छ वाचता आलं. पश्चिमी स्टार आहे. समर सेवा स्टारही आहे. डिस्चार्ज बुकाच्या कडा कसरीनं खाल्ल्यात, मजकूर शाबूत आहे.

आणि ओरडण्याबद्दल अगदी पटलं. स्लॅबच्या दिवशी घमेल्यांची रांग लागली की त्यांचा आवाज पार हमरस्त्यापर्यंत जायचा. "हात मारा, गप्पा नको!" बिगारी बायका त्यांना मागून 'कर्नल' म्हणायच्या.

कडू_कारलं

दुःखात सहभागी आहेच, पण 'सचोटीचा ठेकेदार' ही पुण्यात ऐकीव गोष्ट आहे, पाहिलेली नाही. आमच्या इमारतीला पहिल्या पावसात गळती लागली. आणि कन्व्हेयन्स, म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर करून देणं? तीस वर्षं होत आली, जागा अजून बिल्डरच्याच नावावर. १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅटमालकीचा कायदा सांगतो की संस्था नोंदवल्यावर जागेचं हस्तांतरण करून द्यायचं. कोण देतो? २००८ ला मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरनं करून दिलं नाही तरी हस्तांतरण मिळवायची) सोय झाली, तर त्या कागदांपायी आमचे दोन सेक्रेटरी म्हातारे झाले.

गच्चीवरचा

मानीव अभिहस्तांतरण. बिल्डरला घाबरवायला हा उच्चारच पुरेसा आहे.

वामकुक्षी

कारलेसाहेब, धागा माणसाचा आहे. कन्व्हेयन्सचे धागे इथे आधीच सात-आठ पडलेत, बहुतेक तुमचेच.

सहकारनगर_क्र_२

थांबा थांबा. पाटण तालुका, सुभेदार, सहकारनगर... साइटवर पाटी लावायचे का ते? "काम चालू आहे. सल्ला बंद आहे."

तेच असतील तर आमचं घर त्यांनीच बांधलंय! १९७८-७९ ची गोष्ट असेल. आमची सोसायटी पानशेतच्या पूरग्रस्तांची. नदीकाठचा वाडा गेल्यावर आजोबांना प्लॉट मिळाला, पण बांधायला पैसे जमेपर्यंत वडिलांच्या डोक्यावरचे केस गेले होते.

तेव्हा सिमेंट परमिटवर. अर्ज करा, खेटे घाला, मग ठरलेल्या गोण्या पदरात पडणार. काळ्या बाजारात मात्र हवं तेवढं. (याच सिमेंटवाटपावरून १९८२ ला राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली, ते वडीलधाऱ्यांना आठवत असेल. थोडं नियंत्रण उठलं तेही त्याच वर्षी.) आमच्या परमिटाच्या गोण्या सुभेदार स्वतः मोजून आत घ्यायचे. रिकामी गोणी फेकू द्यायचे नाहीत. तागाची असायची, ती उलटी करून पत्र्यावर झटकायला लावायचे आणि संध्याकाळी गोण्यांची चवड वडिलांसमोर मोजून ठेवायचे. वडील म्हणायचे, "अहो, विश्वास आहे." तर उत्तर, "विश्वास आहे म्हणूनच मोजा. उद्या नसेल तेव्हा भांडण होईल."

आणि चिडणं! स्लॅब झाल्यावर काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवलं होतं. माझ्या आत्यानं चौथ्या दिवशी ते फोडून पाणी काढलं, का तर डास होतात. सुभेदार सायकलवरून आले, वर गेले, खाली आले, आत्याला एक शब्द बोलले नाहीत. वडिलांना म्हणाले, "घर कोणाच्या नावावर आहे? त्यांना विचारून पुन्हा पाणी भरतो. नाहीतर हिशेब करा." आत्यानं स्वतः बादल्या वर नेल्या.

@कडू_कारलं, गच्ची अजून गळलेली नाही. कळावे.

धाकटा_पाटणकर

तेच! तेच हो. ती पाटी अजून माळ्यावर आहे, पत्र्याची, लाल अक्षरांत. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "हां. हे ते."

पूरग्रस्त सोसायटीवरून आठवलं. नदीकाठच्या प्लॉटचं काम अण्णा घ्यायचे नाहीत. सिंहगड रस्त्याला एकानं दुप्पट दर देऊ केला होता. अण्णांनी उलट विचारलं, "१९६१ ला पाणी कुठवर होतं ते पाहिलंय का?" आणि उठले. आम्हाला त्या वर्षी टीव्ही घ्यायचा होता, त्यामुळे हा प्रसंग घरात फार गाजला. २०२४ च्या जुलैत एकतानगरीत पाणी शिरलं, फौज आली, तेव्हा ९३ वर्षांचे अण्णा बातम्यांसमोर बसून त्या जवानांना सूचना देत होते. टीव्हीला ऐकू जात नाही हे त्यांना मान्य नव्हतं.

१९६१ ला ते खडकीलाच होते. पानशेतवर पोती भरायला गेले होते, एवढंच ठाऊक आहे. एकदाच म्हणाले होते, "रात्रभर पोती भरली. धरण नाही वाचलं. लोकांना उजेड तेवढा मिळाला."

खडकीवाला

या एका वाक्याला स्मरणिकेत अख्खं पान द्या.

पुण्याबाहेरच्यांसाठी : पानशेत मातीचं धरण. काम पुरं व्हायच्या आत पाणी अडवलं गेलं. ११ जुलैला ते खचायला लागलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं, आणि फुटलं ते १२ ला सकाळी. मग त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही नेलं. हेच मध्यरात्री झालं असतं तर पेठांमधली माणसं अंथरुणातच गेली असती.

जुनी_शनिवारी

माझी आई तेव्हा नारायण पेठेत. दिवस होता म्हणून पर्वतीच्या बाजूला पळता आलं, असं ती आजही सांगते. पोती रचणाऱ्यांचं तिला कधी कोणी सांगितलंच नसावं. आज हा धागा वाचून दाखवते.

ओळंबा

निवृत्त स्थापत्य अभियंता. @सहकारनगर_क्र_२, एक विचारतो. घराच्या दारं-खिडक्यांवर नुसते तुटक लिंटेल (वरच्या आडव्या तुळया) आहेत, की सगळ्या भिंतींवरून सलग पट्टा फिरवलाय?

सहकारनगर_क्र_२

सलग आहे. वडील सांगायचे की त्या पट्ट्यावरून मोठा वाद झाला होता. सिमेंट आणि सळई दोन्ही जास्त लागणार. सुभेदार म्हणाले होते, "पट्टा नको असेल तर गवंडी दुसरा बघा."

ओळंबा

वाटलंच. भिंतींवर उभ्या असलेल्या घराला तो पट्टा चारी बाजूंनी बांधून ठेवतो. जमीन हलली की भिंती एकमेकींपासून सुटायला बघतात, कोपरे आधी उघडतात. सलग पट्टा असेल तर त्या सुटत नाहीत. १९७८ साली पुण्यात दुमजली बंगल्याला स्वतःहून असा पट्टा घालणारे ठेकेदार मी फार थोडे पाहिले. हे अण्णांना कुठून सुचलं? फौजेत पूल आणि रस्ते शिकवले असतील, पण हे घरबांधणीतलं आहे.

ताई_वडगाव

मी धागाकर्त्याची थोरली बहीण. मी इथे वाचत असते हे त्याला माहीत नव्हतं. आता झालं.

पट्टा कुठून आला ते मी सांगते, पण आधी 'कुटुंबवत्सल'चं. अण्णा निवृत्त झाले तेव्हा हा सहा वर्षांचा. याला घरातले अण्णा मिळाले. मी तोवर मॅट्रिक झाले होते. माझे अण्णा म्हणजे वर्षातून एकदा येणारी रजा आणि पत्रावरचा फौजी टपालाचा पत्ता, '५६ ए.पी.ओ.' लहानपणी मला ते एखादं गावच वाटायचं. अंतर्देशीय पत्र यायचं, त्यात आईला चार ओळी, आजीला दोन आणि मला एक : अक्षर सुधार. त्यामुळे 'कुटुंबवत्सल' आईला जसं ओळखीचं वाटलं नाही तसं मलाही नाही. ती एकटीनं शेती, सासू आणि आम्हा दोघांना सांभाळत होती. धाकट्याचा जन्म झाला तेव्हाही ते सीमेवरच. स्मरणिकेत तिचं पान अण्णांच्या आधी यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पट्टा. ११ डिसेंबर १९६७. कोयनेचा भूकंप. पहाटेचा अंधार, थंडी. मी नऊ वर्षांची. आईनं आम्हाला ओढत खळ्यात आणलं आणि मागे वळून बघतो तर घराची एक भिंत गोठ्यावर आडवी झालेली. बैल वाचला, गाय गेली. आजीच्या पायावर दगड पडला होता.

अण्णा रजा काढून आले. मला वाटलं, आता आम्हाला जवळ घेतील. त्यांनी आजीचा पाय बघितला, आईशी दोन शब्द बोलले आणि टेप घेऊन गावात गेले. दिवसभर घराघरांतून हिंडून पडलेल्या भिंती मोजत होते. गावातली माणसं रडतायत आणि हा माणूस वहीत लिहितोय. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. पुढची कितीतरी वर्षं तो गेला नाही.

वही माझ्याकडे आहे. अण्णांच्या अक्षरात एकेका घरापुढे नोंद आहे. "दगड-माती. भिंत फुगून बाहेर. मधली भरणी मोकळी." "कोपरा सुटला. वासे राहिले." "लाकडी खांबावर आढे. भिंत गेली, छप्पर उभे. माणसे वाचली." आमच्या घरापुढे लिहिलंय, "गाय १. आई पाय."

पुढच्या रजेत त्यांनी घर पुन्हा उभं केलं. आत लाकडी खांब, भिंतीत अंतराअंतरानं आरपार जाणारे लांब दगड, आणि दारांच्या डोक्यावरून सिमेंटचा पट्टा. अख्ख्या वाडीत पहिला. लोक हसायचे, सुभेदारानं घराला करगोटा बांधला म्हणून.

ओळंबा

ताई, नोंदी अगदी बिनचूक आहेत. दगड-मातीची जाड भिंत म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती, आतलं एक तोंड आणि बाहेरचं एक, मध्ये खडी-मातीची भरणी. हादरा बसला की भरणी खाली दबते आणि दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते. म्हणून आरपार दगड. आणि खांबांवर छप्पर असेल तर भिंत पडूनही माणूस जगतो. आम्ही हे कॉलेजात पुस्तकातून शिकलो, आणि बरेचसे शिकूनही विसरलो.

ती वही जशीच्या तशी छापा, मजकुराला हात लावू नका.

कडू_कारलं

वरचं वाचलं. माझा 'ऐकीव गोष्ट'वाला शेरा या सुभेदारांपुरता मागे घेतो. बाकीच्यांबद्दल कायम.

शुभदा_एरंडवणे

ताई, तुमचा राग गेला कधी? नको असेल तर सांगू नका.

ताई_वडगाव

पूर्ण गेला असं म्हणणार नाही. माझं लग्न झाल्यावर आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. अण्णा पहिल्यांदा आले ते चहा हातात घेऊन भिंतीवर बोटांनी टकटक करत सगळीकडे फिरले. जाताना माझ्या नवऱ्याला म्हणाले, "हिचा पलंग त्या कोपऱ्यातून हलवा." बस. मी पलंग हलवला.

गच्चीवरचा

😶

खडकीवाला

जरा व्यवहाराचं बोलतो. आईंचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं का? वय किती?

धाकटा_पाटणकर

८८. बँकेत दाखला दिलाय. 'वरून येईल' म्हणतात.

खडकीवाला

मग हे लक्षात ठेवा. मूळ निवृत्तिवेतनावर वयानुसार जादा रक्कम असते : ८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही ते लागू आहे. म्हणजे आईंना ३० टक्के जादा मिळायला हवेत. कागदात त्यांची जन्मतारीख नसली की हे नेमकं राहून जातं, म्हणून पीपीओवर ती नोंदलेली आहे का ते आधी बघा. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथले लोक कागद लावून देतात. ईसीएचएसचं (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डही तपासून घ्या.

धाकटा_पाटणकर

पीपीओ बघितला. जन्मतारखेच्या जागी रेघ आहे. सोमवारी जातो. फार उपकार झाले, साहेब.

सहकारनगर_क्र_२

एक सांगायचं राहिलं आणि सांगायला जरा जड जातंय. आमचं घर पाडायचं ठरलंय. शेजारचे दोन प्लॉट मिळून पुनर्विकास होतोय, करार झाला. दिवाळीनंतर घर रिकामं करायचंय. पाडताना भिंती उघड्या पडतील तेव्हा पट्ट्याचे फोटो काढून देऊ का स्मरणिकेसाठी?

वामकुक्षी

पाडणाऱ्यांना आधीच कल्पना द्या. दुप्पट मजुरी मागतील.

ओळंबा

मला तारीख कळवा, मी येतो. सळई किती मिलिमीटरची, कोपऱ्यात कशी वळवलीय हे बघायचंय. गुडघे साथ देत नाहीत, खुर्ची मांडा.

धाकटा_पाटणकर

फोटो जरूर द्या, आम्हीही येऊ. अण्णांना याचं वाईट वाटलं नसतं. 'प्लॉट मालकाचा, हिशेब चुकता' म्हणाले असते.

तर सध्या असं ठरतंय. सुरुवातीला आईचं पान, ती बोलेल तसं. मग वही, नोंदी मुळातल्या अक्षरात. पानशेतचं ते वाक्य. रेकॉर्ड ऑफिसकडून येईल ते. सहकारनगरकरांचा गोण्यांचा आणि आत्याचा किस्सा, त्यांची परवानगी असेल तर. पाटीचा फोटो. शूर, सचोटी, वत्सल तिन्ही काढून टाकले. चिडण्याचे किस्से चुलत भावंडांकडून मागवलेत, दोन दिवसांत इतके आले की पानं वाढवावी लागणार.

ताई, वही आणि ५६ ए.पी.ओ. ची पत्रं स्कॅन करायला हवीत. रविवारी येऊन घेऊन जातो.

सहकारनगर_क्र_२

परवानगी आहे. आत्याचं नाव तेवढं घालू नका, ती अजून ठणठणीत आहे.

ताई_वडगाव

वही ने. पत्रं इथेच बसून स्कॅन कर, घराबाहेर जाणार नाहीत. आणि येताना मशीन घेऊन ये, मोबाइलवर काढलेले फोटो तिरके येतात.